फडक्यातली कॉफी



नालासोपाऱ्यात आपण सगळे विरार लोकलच्या वेळेवर जगलो. कॉफी म्हणजे गरम दुधात चमचाभर पूड, आणि पळा! निवृत्त झालो तेव्हा आईचं मलमलीचं फडकं बाहेर काढलं. पातेल्यावर ते सैल बांधायचं, त्यात कॉफीची पूड. आधी थोडंच गरम पाणी घालून ती फुगू द्यायची, मग बारीक धार. फडकं पिळायचं नाही, गाळ उतरतो. साबण तर अजिबात नको, वास राहतो; नुसत्या पाण्याने धुवायचं. वर दूध, साखर, किंचित जायफळ. दहा मिनिटं सहज जातात.

गुडघ्यांमुळे आपल्या बाई आज इथे येऊ शकल्या नाहीत. रविवारी फडकं घेऊन मीच त्यांच्याकडे जातो. पहिल्या घोटाला त्या अजून मार्क देतात. परवा दहापैकी सात मिळाले. आठवा कोणाला मिळतो ते बघायला या रविवारी कोण येतंय?