चाकांवरचे घर आणि रात्रीचा मुक्काम



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला, तेव्हा मी 'चाकांवरचे घर' असे सांगितले. हा विषय काहींना चैनीचा वाटेल. भाड्याची एक खोली मिळवताना ज्याची निम्मी उमेद खर्च होते, त्याला कॅम्परव्हॅनच्या गोष्टी सांगणे म्हणजे उपाशी माणसापुढे पक्वान्नांची यादी वाचणे होय, अशी शंका कोणी काढली तर मी ती रास्तच मानीन. तरीही मी हा विषय घेतला; कारण या गाडीच्या निमित्ताने एक फार जुना प्रश्न पुन्हा विचारता येतो. वाटसरूने रात्र कोठे काढावी, आणि ती काढू देण्याचा अधिकार कोणाचा?

प्रथम या गाडीची थोडी कुळकथा सांगतो. विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाचा एक स्कॉटिश गृहस्थ होता. ब्रिटिश आरमारातला निवृत्त डॉक्टर आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारा लेखक. जिप्सी लोकांच्या गाड्या पाहून त्याला कल्पना सुचली आणि त्याने ब्रिस्टलच्या कारखान्यात एक ऐसपैस गाडी बांधून घेतली. तिचे नाव 'वॉण्डरर', म्हणजे भटकी. १८८५ साली दोन घोडे जोडून तो दक्षिण इंग्लंडमधून निघाला तो थेट उत्तरेला इन्व्हर्नेसपर्यंत गेला. केवळ हौसेसाठी चाकांवरच्या घरात राहणारा पहिला माणूस म्हणून त्याचे नाव घेतले जाते. पुढे घोडे गेले, इंजिन आले. जर्मनीत फोक्सवॅगन कारखान्याने १९५० साली आपली पेटीसारखी व्हॅन काढली आणि दुसऱ्याच वर्षी वेस्टफालिया या कंपनीने तिच्यात बसवायचे सामान तयार केले: दिवसा बाक, रात्री बिछाना, कडेला कपाट. आठवडाभर व्हॅनमधून माल वाहायचा आणि सुटीत तिचेच घर करायचे! आजची कॅम्परव्हॅन ही या कल्पनेचीच वाढ आहे.

आता अशा गाडीचे मालक होणे म्हणजे काय, ते पाहू. गाडी विकत घेणे ही त्यातली सोपी गोष्ट. ती चालते महिनाभर आणि उभी राहते अकरा महिने. उभ्या गाडीचे टायर एका जागी दबतात, बॅटरी उतरते, पत्र्याच्या सांध्यांत पाणी मुरून गंज धरतो. विमा आणि कर मात्र थांबत नाहीत. शहरात ती उभी कोठे करायची, हा प्रश्न वेगळाच. म्हणून जो वर्षाकाठी दोन आठवडेच फिरणार, त्याने ती भाड्याने घ्यावी हे उत्तम. मालकी शोभते ती महिनोन्‌महिने वाटेवर राहणाऱ्याला.

आत राहू लागले म्हणजे आणखी एक शिक्षण सुरू होते. गाडीत बॅटऱ्या दोन असाव्या लागतात: एक इंजिन सुरू करण्यासाठी, दुसरी दिवे-पंख्यांसाठी. दोन्ही वेगळ्या ठेवल्या नाहीत, तर रात्रभर दिवा जाळणाऱ्याची गाडी सकाळी जागची हलत नाही. शिशाची बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवली तर लवकर मरते. स्वयंपाकाचा गॅस पेटवताना खिडकी किंवा झरोका उघडा हवा. कारण अपुऱ्या हवेत जळणाऱ्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो, आणि त्याला रंगही नाही, वासही नाही. थंडीच्या रात्री दोन माणसांच्या श्वासातली वाफ गार पत्र्यावर जमते आणि पहाटे थेंब होऊन अंथरुणावर पडते. घरी नळ सोडला की पाणी येते आणि मोरीतून जाते. ते कोठून आले व कोठे गेले याचा आपण विचार करीत नाही. गाडीत मात्र स्वच्छ पाण्याची टाकी एक आणि सांडपाण्याची दुसरी. पहिली रिकामी होते तितकी दुसरी भरते. आपण किती वापरतो आणि किती घाण करतो, याचा हिशेब हे घर रोज मालकापुढे मांडते. मला तर हाच या गाडीचा मोठा गुण वाटतो.

परंतु खरी कसोटी रात्री लागते. गाडी चालत असते तोवर रस्ता सर्वांचा असतो. ती थांबली, की ती कोणाच्या तरी जमिनीवर उभी असते, आणि तो 'कोणीतरी' विचारतो, 'येथे का थांबलात?' जर्मनीत याचे उत्तर मोठे मार्मिक आहे. थकलेल्या चालकाला पुन्हा गाडी हाकण्याजोगे ताजेतवाने होण्यापुरती एक रात्र रस्त्याकडेला, जेथे गाडी उभी करण्यास मनाई नाही तेथे, गाडीत झोपता येते. मात्र त्याने बाहेर खुर्च्या मांडल्या, छत पसरले, की ती झोप संपली आणि मुक्काम सुरू झाला. मुक्कामाला परवानगी हवी. झोपेचा हक्क वेगळा आणि बस्तानाचा वेगळा, असा हा भेद आहे.

न्यूझीलंडने याहून पुढचे पाऊल टाकले. त्या निसर्गसुंदर देशात व्हॅन घेऊन हिंडणाऱ्यांची इतकी दाटी झाली, की समुद्रकिनाऱ्यावरची गावे वैतागली. त्यांची तक्रार खोटी नव्हती. सकाळी पाहुणे निघून जात आणि झुडपांआड त्यांची घाण मागे राही. २०११ साली तेथे कायदा झाला. सार्वजनिक जागेवरचा मुक्काम मूळात मोकळा ठेवला; गावसंस्थांना ठराविक जागी बंदी घालण्याचा अधिकार दिला, पण सरसकट सगळीकडे बंदी घालता येणार नाही असेही बजावले. स्वयंपूर्ण गाडीचे मापही ठरलेले होते: माणशी दिवसाला ४ लिटर याप्रमाणे तीन दिवसांचे पाणी आणि तेवढेच सांडपाणी साठवण्याची सोय. २०२३ साली नियम कडक झाले; प्रमाणित गाडीत पक्के बसवलेले शौचालय सक्तीचे झाले आणि दंड वाढला. पण त्याच कायद्याने आणखी एक गोष्ट केली. ज्या रहिवाशाला राहण्याजोगे घरच मिळत नाही आणि म्हणून जो गाडीत राहतो, त्याला या दंडाच्या कक्षेतून वगळले. हौसेने गाडीत झोपणारा आणि नाइलाजाने गाडीत झोपणारा, हे दोघे एकाच मापाने दंडण्याजोगे नाहीत, हे कायद्यानेच ओळखले.

श्रोतेहो, ही ओळख सर्वत्र झालेली नाही. स्टेबल्स डॉक्टरने गाडीची कल्पना घेतली जिप्सींकडून. डॉक्टरच्या गाडीचे कौतुक झाले, त्याच्या प्रवासाचे पुस्तक निघाले. आणि जिप्सींचे? १९५९ साली इंग्लंडच्या महामार्ग कायद्यात हमरस्त्यावर तळ देणे हा गुन्हा ठरवताना फेरीवाल्यांबरोबर 'जिप्सी' हा शब्द नाव घेऊन घातला गेला. पुढे तो शब्द गळला. पण ज्यांनी चाकांवरचे घर जगाला शिकवले, त्यांनाच ते उभे करायला जागा मिळेना, ही गोष्ट राहिलीच.

आणि आपण इंग्रजांना हसू नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने याच देशातील कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. त्यांना हजेरी द्यावी लागे, परवान्यावाचून हद्द ओलांडता येत नसे. या कायद्यातून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी सुटका झाली. परंतु गावाबाहेर पाल पडले की गावातली नजर बदलते, ही सवय कायद्याबरोबर रद्द झाली नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले, तेव्हा पुष्कळ सुशिक्षितांना ती हकिकत पहिल्यांदाच कळली. गाढवावरचा संसार आणि गाडीतला संसार यांत अंतर कितीसे? एकाला आपण पर्यटक म्हणतो, दुसऱ्याला पोलीस पाटलाकडे नेतो.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. गाड्या उभ्या करण्यासाठी पाणी, वीज, शौचालय यांची सोय असलेली ठिकाणे व्हावीत, असे त्यात आहे. चांगली गोष्ट आहे. मी तिचे स्वागत करतो. पण ही विद्या आपल्याला परकी नाही. आषाढीला आळंदीहून पालखी निघते. सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण असे मुक्काम ठरलेले असतात. दिंड्यांचे ट्रक पुढे जाऊन तंबू ठोकतात, गावे पाण्याची तजवीज करतात. लाखोंचा मुक्काम निभावतो, कारण तो कोठे पडणार हे आधी ठरलेले असते. दुसरे उदाहरण धनगरांचे. मेंढरांचा कळप रात्री शेतात बसावा म्हणून शेतकरी स्वतः आमंत्रण देतो आणि वर धान्य किंवा पैसेही देतो. का? कळप उठून जातो तेव्हा मागे खत राहते, आणि त्या खतावर पुढचे पीक येते. आपल्या शेतकऱ्याने पाहुण्याची परीक्षा बरोबर ठरवली आहे. तो कोण आहे हे विचारू नका. तो गेल्यावर मागे काय राहते ते पाहा.

याच मापाने नव्या जागा आखाव्यात. महामार्गालगतच्या गावात नळ, शौचालय, सांडपाणी ओतण्याचा खड्डा आणि दिवा एवढी सोय असलेली एक जागा असावी. तिचे भाडे माफक असावे आणि ते ग्रामपंचायतीला मिळावे. घाण करील त्याला दंड व्हावा, मग तो परदेशी गाडीतला असो की बैलगाडीतला. आणि त्याच नळावर ऊसतोडीला निघालेल्या बिऱ्हाडालाही हंडा भरता यावा. कोणी म्हणेल, अनोळखी माणसे आली की चोरीमारी वाढेल. मी म्हणतो, अंधारात, आडरानात थांबणाऱ्यावर लक्ष ठेवणे कठीण; दिव्याखाली, नोंद करून थांबणाऱ्यावर सोपे. गावाच्या भीतीलाही उत्तर याच सोयीत आहे.

पर्यटकांसाठी कुंपण घालून सुंदर जागा बांधल्या आणि पालांना मात्र हुसकावतच राहिलो, तर आपण फक्त आणखी एक हॉटेल बांधले, एवढेच होईल. ज्या दिवशी रस्त्यावरची रात्र ही कोणाच्याही वाट्याला येणारी गोष्ट आहे असे मानून आपण जागा राखू, त्या दिवशी धर्मशाळा हा आपला जुना शब्द नव्या अर्थाने खरा होईल.