विधानसौध दारात आले, आपला आवाज कुठे आहे?



बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात आपली घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. पण 1956 पासून ज्या राज्याच्या कारभारात आपण आहोत, त्याची रचना आपल्यातील किती जणांना ठाऊक आहे? लढा द्यायचा असो की साधा सात-बारा काढायचा असो, ही माहिती हाताशी हवी.

प्रथम भूगोल. कर्नाटकाचे ढोबळ तीन भाग पडतात: किनारपट्टी, सह्याद्रीचा घाटमाथा आणि पूर्वेचे पठार. आपला जिल्हा घाटमाथ्यावरही आहे आणि पठारावरही. खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा पूर्वेला जाते, त्याच तालुक्यातली म्हादई गोव्याकडे वळते. निपाणीकडच्या वेदगंगा आणि दूधगंगा कोल्हापूरच्या डोंगरातून येतात. 1 नोव्हेंबर 1956 रोजी आपल्याच जिल्ह्यातला चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला आणि बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्या राज्याचे नाव 1973 साली कर्नाटक झाले.

आता कारभार. राजधानी बेंगळूर, आपल्यापासून सुमारे 500 किलोमीटरवर. विधानसभेत 224 आणि विधान परिषदेत 75 सदस्य. विधानसभेच्या 18 जागा एकट्या आपल्या जिल्ह्यात आहेत. महसुलाचे चार विभाग असून त्यांपैकी एकाचे मुख्यालय बेळगावात आहे. 2006 साली विधिमंडळाचे अधिवेशन पहिल्यांदा इथे भरले. 11 ऑक्टोबर 2012 रोजी हलगा-बस्तवाड येथील सुवर्ण विधानसौधाचे उद्‌घाटन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते झाले.

ही इमारत इथेच का उभी राहिली, हे आपल्याला कुणी सांगायला नको. महाजन आयोगाने 1967 साली बेळगाव कर्नाटकात ठेवण्याची शिफारस केली, ती महाराष्ट्राने अमान्य केली आणि 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. पण विधानसौध दारात आले, तरी आत आपले कोण? 2018 आणि 2023 च्या निवडणुकांत समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. मते फुटली की काय होते, हे आपण पाहिले.

न्यायालयाचे काम न्यायालय करील. दरम्यान आपले काम आपण करायचे. राज्यघटनेच्या कलम 350 अ मध्ये प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय सांगितली आहे. 350 ब नुसार भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी नेमलेला असतो. जिथे अल्पसंख्याक 15 टक्के वा अधिक आहेत, तिथे महत्त्वाचे नियम व सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे धोरण केंद्राने मान्य केलेले आहे. म्हणून मराठीतून कागद हवा असेल, तर तोंडी तक्रार करून घरी परतू नका. लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि ती जपून ठेवा.

मुलांना मराठी शाळेत घाला, मतदार यादीतली नावे तपासा आणि मतदानाला एकजुटीने बाहेर पडा. एवढे केले, तर त्या इमारतीत आपला आवाज पुन्हा ऐकू येईल.