कार्यशाळेत करवत येण्याआधी



शाळेच्या कार्यशाळेला आपल्या बॅचतर्फे अवजारं द्यायचं ठरलं आणि यादीत सर्क्युलर सॉ, म्हणजे विजेवर चालणारी गोल पात्याची करवत आली. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. मी एकटीनेच "थांबा" लिहिलं, म्हणून संयोजकांनी मला ही दहा मिनिटं दिली आहेत.

पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअर लिहिते आणि रविवारी लाकूडकाम करते. आपल्या वेळी कार्यानुभवाच्या तासाला मुलींना शिवण आणि मुलांना सुतारकाम असायचं. त्याचा वचपा काढते आहे असं समजा.

हे यंत्र जन्माला आलं 1920 च्या दशकात, अमेरिकेत. एडमंड मिशेल नावाचे गृहस्थ ऊस तोडायचं यंत्र करायच्या खटपटीत होते, त्यातून ही हातात धरायची करवत निघाली. आज तिचं नेहमीचं पातं 185 मिलिमीटरचं असतं आणि मिनिटाला साधारण 5000 फेरे घेतं. परीघ काढून गुणाकार केला तर दातांचा वेग ताशी 175 किलोमीटरच्या आसपास येतो. गणिताच्या बाईंनी तपासून घ्यावा!

पात्याचा खालचा भाग झाकायला स्प्रिंगचा गार्ड असतो. फळीत शिरताना तो आपोआप मागे सरकतो आणि कापून बाहेर आलं की फटकन मिटतो. सगळं यंत्र या एका स्प्रिंगच्या भरवशावर हातात धरायचं. आमच्याकडे फर्निचर करायला आलेल्या मिस्त्रींनी हाच गार्ड तारेने वर बांधून ठेवला होता. मी विचारलं तर म्हणाले, "ताई, अरुंद पट्टी कापताना अडकतो. आणि रेघ दिसत नाही." त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून नव्हती. ती याच मशीनने गेली का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. पण अडकतो हे त्यांचं म्हणणं खरं होतं. भुसा आणि डिंक साचला की गार्ड जड होतो. आमच्या कामातही सारखा वाजणारा अलार्म दुरुस्त करण्याऐवजी कोणीतरी बंद करून टाकतं, अगदी तसंच. उपाय पाच मिनिटांचा आहे: प्लग काढा, गार्ड साफ करा, हाताने मागे ओढून सोडा. तो स्वतःहून पूर्ण मिटला नाही, तर त्या दिवशी मशीन वापरायचं नाही.

दुसरी गोष्ट झटक्याची, इंग्रजीत ज्याला किकबॅक म्हणतात. आपण काय करतो? दोन स्टुलांवर फळी ठेवतो आणि मधोमध कापतो. कापत जाऊ तशी फळी मध्ये वाकते, वरची चीर मिटते आणि पातं चिमटीत सापडतं. पुढच्या बाजूला दात खालून वर येत असतात, त्यामुळे अडकलेलं पातं सगळं यंत्र उचलून कापणाऱ्याच्या अंगावर मागे फेकतं. हे इतक्या पटकन होतं की ताकद लावून रोखू म्हणणं व्यर्थ. म्हणून जे करायचं ते बटण दाबण्याआधी. प्लायचा तुकडा जमिनीवर जाड थर्मोकोलवर ठेवा, किंवा खाली चार पट्ट्या घाला, रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन दोन. कापलेला भाग वाकायला नको आणि ओढला जायला नको. पात्याची खोली फळीच्या जाडीपेक्षा चार-पाच मिलिमीटरच जास्त ठेवा. उभं राहायचं ते पात्याच्या रेघेत नाही, बाजूला. आणि फळी क्लॅम्पने आवळलेली हवी, म्हणजे दोन्ही हात मशीनवर राहतात. गुडघ्याने दाबून धरणं ही आपली राष्ट्रीय सवय आहे, ती शाळेत शिकवू नये.

आता थोडं कडू बोलते. स्वस्तात पडतो म्हणून मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून देऊ, अशी एक सूचना आली आहे. फरशी कापायच्या त्या यंत्राचं पातं लहान दिसतं, पण ते मिनिटाला 12,000 च्या घरात फिरतं आणि त्याला मिटणारा गार्ड नसतोच. गावोगाव लोक त्याने प्लाय कापतात, मला माहीत आहे. त्या पैशांत काहीही घ्या, हे नको.

बाकीचं भराभर सांगते. डोळ्यांना गॉगल, कानांना संरक्षण. ओढणी, लोंबती बाही, सैल हातमोजे, गळ्यातलं काहीही नको. केस बांधलेले. पातं बदलताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. बटण सोडल्यावरही पातं काही क्षण फिरत राहतं, ते थांबेपर्यंत मशीन खाली ठेवायचं नाही.

माझा प्रस्ताव असा. विद्यार्थ्यांच्या हातात साधी करवत द्यावी. बोर्डाला एक टोक घट्ट आवळून हाताने सरळ कापायला शिकायलाच एक वर्ष लागतं, मुलींनाही आणि मुलांनाही. सर्क्युलर सॉ फक्त शिक्षकांनी चालवावा. त्याचं कपाट कुलूपबंद असावं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलात. यादीत सर्वात वर क्लॅम्प लिहा. चार पुरतील, पण सहा घ्या, त्यांचे पैसे मी देते.