बंद न्हाणीघर आणि गॅसचा गीझर

(महिला मंडळांच्या हिवाळी बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय कळवला तेव्हा दोघीतिघींनी विचारलं, 'गीझर हा बायकांच्या चळवळीचा विषय कसा? तो तर प्लंबरचा.' ऐंशीच्या दशकात आपल्या आधीच्या बायकांनी स्टोव्हचा प्रश्न उचलला तेव्हाही अशीच विचारणा झाली होती. 'स्टोव्हचा भडका उडाला' या तीन शब्दांत किती मरणं गुंडाळली गेली, हे त्यांनी विचारलं म्हणून पुढे आलं. 'न्हाणीघरात चक्कर येऊन पडली' हेही तसंच एक वाक्य आहे. ते ऐकून गप्प बसू नये, एवढं सांगायला मी उभी आहे.

आमच्या सल्ला केंद्रात एक चोवीस वर्षांची मुलगी आली होती. लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत ती दोनदा न्हाणीघरात पडली. हातपाय ताठ झाले, दातखीळ बसली. सासरच्यांनी निष्कर्ष काढला: फेफऱ्याची मुलगी लपवून गळ्यात बांधली. तिला माहेरी आणून सोडलं. तिथे गोळ्या सुरू झाल्या, एका बाबाचा अंगाराही झाला. झटका मात्र माहेरी एकदाही आला नाही. त्याचं श्रेय गोळ्यांना मिळालं आणि थोडं बाबालाही! ती पडते कुठे, हे कोणी विचारलं नव्हतं. आमच्या कार्यकर्तीनं विचारलं. दोन्ही वेळा न्हाणीघर, दोन्ही वेळा आंघोळ, दार बंद, डोक्यावर भिंतीला गॅसचा गीझर. माहेरी पाणी चुलीवर तापतं, तेही अंगणात. मेंदूच्या डॉक्टरांनी हा सगळा तपशील ऐकला, तपासण्या केल्या आणि सांगितलं की हे फेफरं नाही, गीझरच्या वायूची बाधा आहे.

गॅस गीझरमुळे येणारे असे झटके भारतातल्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलेले आहेत. तरीही शिक्का बसतो तो मुलीवर. हिंदू विवाह कायद्यात फेफरं हे विवाह रद्द करून मागण्याचं एक कारण होतं. ते १९९९ च्या दुरुस्तीनं काढलं. कायद्यातून गेलं, घरातून गेलेलं नाही. आणि खरंच फेफरं असतं तरी तिला असं आणून टाकण्याचा हक्क कोणाला होता, हा प्रश्न उरतोच.

आता यंत्राकडे वळू. मिनिटाला सहा लिटर गरम पाणी देणारा गीझर स्वयंपाकाच्या शेगडीच्या चारपाच बर्नरएवढी आच एकदम पेटवतो. दहा मिनिटांत तो साधारण दोन घनमीटर हवेतला प्राणवायू खातो. पाच फूट बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच न्हाणीघरात हवा असते जेमतेम पावणेसात घनमीटर. प्राणवायू कमी पडू लागला की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. जळल्यावर तो राहत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीनं चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटके पडतात. दाराची कडी दिसत असते, पण हात उचलत नाही. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला याचा धोका आईपेक्षाही जास्त.

'मग खिडकी उघडी ठेवायची' असं पुरुष सहज सांगतात. खिडकीला पुठ्ठा का लावलेला असतो? समोरच्या जिन्यावरून कोणी डोकावतं म्हणून. शिवाय बाई न्हाणीघरात जास्त वेळ असते. केस धुते, मुलाला न्हाऊ घालते, जाता जाता चार कपडे पिळते. भरल्या घरात आतून कडी लावता येईल अशी तिला तेवढीच एक जागा. तेव्हा उघड्या खिडकीचा सल्ला देण्याआधी आडव्या, तिरप्या पट्ट्यांची झडप बसवून द्या. हवा येते, नजर येत नाही.

सगळ्यात चांगलं म्हणजे गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या गॅलरीत लावावा आणि आत फक्त पाण्याची नळी न्यावी. आत लावायचाच असेल तर बाहेरची हवा घेणारा आणि धूर बाहेरच सोडणारा, खोलीपासून पूर्ण बंदिस्त असा गीझर मिळतो, तो घ्यावा. साधा धुराडं असलेला घेतलात तर त्याचा पाईप वर चढत जाऊन इमारतीबाहेर उघड्यावर निघाला पाहिजे. माळ्यावर, बंद डक्टमध्ये किंवा शेजारणीच्या खिडकीखाली नको. एक्झॉस्ट पंखा लावला की काम झालं असं गीझर बसवणारे सांगतात. पण हवा आत यायला वाट नसेल तर तोच पंखा धुराड्यातला धूर उलटा खोलीत ओढतो. म्हणून दाराखाली फट आणि वर झरोका, दोन्ही हवेत. ज्वाला निळी असावी. पिवळी दिसली, काजळी धरली, की गीझर बंद करून दुरुस्तीवाल्याला बोलवावं. हे सगळं होईपर्यंत दार उघडं ठेवून बादल्या भरून घ्या, गीझर बंद करा आणि मगच आंघोळीला जा.

भाड्याच्या घरात मालक म्हणतो, 'भिंतीला भोक पाडायचं नाही.' अशा ठिकाणी एकटी बाई भांडून थकते. इमारतीतल्या पाचजणींनी मिळून सोसायटीला लेखी पत्र द्यावं आणि त्याची पोच घ्यावी.

कोणी पडलंच तर दार उघडा, गॅस बंद करा, तिला मोकळ्या हवेत आणा आणि लगेच दवाखान्यात न्या. तिथे 'गॅसचा गीझर चालू होता' हे शब्द उच्चारा आणि रक्तातला कार्बन मोनॉक्साइड तपासायला सांगा. कोविडपासून घरोघरी आलेल्या बोटाच्या यंत्रावर भरवसा ठेवू नका. त्याला हा वायू आणि प्राणवायू यांतला फरक कळत नाही, ते आकडा चांगलाच दाखवतं. प्राणवायू लगेच लावला तर वायू तासादीड तासात निम्मा उतरतो, नुसत्या हवेत चारपाच तास लागतात.

आणि बाई दगावली असेल, तर शवविच्छेदनात ही तपासणी व्हावी असं पोलिसांना लेखी कळवा. लग्नाला सात वर्षं झालेली नसतील तर जास्तच आग्रह धरा. वायू सापडला तर घरच्यांवरचा विनाकारण संशय मिटेल. नाही सापडला, तर 'गीझरनं गेली' असं म्हणून कोणाला सुटता येणार नाही.