लेकरांच्या हक्काचा पैसा



 अपघातात सापडलेल्या मुलांच्या भरपाईवरची ही परिषद इथे मांडवगण फराट्यातच व्हावी, हा माझा आग्रह होता. कारण गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या ज्या रस्त्यांनी धावतात, त्याच रस्त्यांनी आपली पोरं शाळेत जातात.

अपघात झाला की दुसऱ्याच दिवशी मध्यस्थ दारात येतो. ‘दवाखान्याचं बिल भरतो, केस करू नका.’ रोजावर जाणारा बाप सही करतो. वाढत्या हाडाला पुढे किती शस्त्रक्रिया लागतील, हे त्या दिवशी डॉक्टरलाही सांगता येत नाही. मी त्या बापाला दोष देत नाही. पण पाय लेकराचा गेला, तर भरपाईही लेकराचीच. ती गावात बसून मिटवायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

दावा दाखल असेल तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलाच्या वतीने तडजोड करता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२, नियम ७ मध्ये तसं स्पष्ट म्हटलंय. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली सुसम्मा थॉमस प्रकरणात घालून दिलेल्या रीतीनुसार भरपाईची रक्कम मूल सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत राहते. उपचाराला लागली तर अर्ज करून काढता येते. गावातल्या तडजोडीच्या पैशाला यातलं काहीच संरक्षण नाही.

‘पोर कुठे कमावत होतं?’ असं विचारणाऱ्यांनी २०२० चा काजल प्रकरणाचा निकाल वाचावा. बारा वर्षांच्या, पूर्ण अपंगत्व आलेल्या त्या मुलीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ६२ लाखांच्या पुढे नेली. जन्मभर सोबत लागणाऱ्या मदतनिसाचा खर्चही धरला.

बँकवाल्यांना हात जोडून विनंती आहे. मुलाच्या भरपाईच्या ठेवीवर न्यायालयाच्या आदेशाशिवाय कर्ज देऊ नका. आणि उपचारासाठी आदेश घेऊन आलेल्या आईला हेलपाटे घालायला लावू नका.

वकिलाची फी कुठून आणायची, ही काळजी खरी आहे. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार मुलांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जेवणानंतर शिरूर-दौंडहून आलेली वकील मंडळी व्हरांड्यात बसणार आहेत. ज्यांच्या घरी अपघातात जखमी झालेलं लेकरू आहे, त्यांनी एफआयआर, दवाखान्याचे कागद आणि जन्मदाखला घेऊन आजच त्यांना भेटावं.