खचलेल्या मनाला उभारी कशी द्यावी?

(वर्षावासानिमित्त पुणे शहरातील एका विहारात दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



वकिलाने हक्कांविषयी बोलावे, दाखले, अर्ज आणि मुदती यांविषयी चार गोष्टी सांगाव्यात, अशी आपली अपेक्षा असणे साहजिक आहे. परंतु वकिलाकडे येणारा माणूस केवळ खटला घेऊन येत नाही. तो आपले खचलेले मनही बरोबर घेऊन येतो. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाच्या घरावर पाडकामाची नोटीस लागलेली असते, कुणाच्या घरातील कर्ता माणूस अंथरुणाला खिळलेला असतो. कायदा त्याच्या बाजूने असतो. तरीही नोटिशीचा कागद फळीवर तसाच पडून राहतो आणि अपिलाची मुदत टळून जाते. कारण उठून कचेरीपर्यंत जाण्याचे त्राणच त्याच्यात उरलेले नसते. म्हणून मनाला उभारी देणे हा सुखवस्तू लोकांचा छंद आहे, असे कृपा करून समजू नका. ज्याचे मन उभे आहे, तोच हक्कासाठी उभा राहू शकतो.

नवदीक्षित कुटुंबापुढे या बाबतीत एक खास अडचण असते. पूर्वी संकट आले की देव्हाऱ्यापुढे नवस बोलला जाई, भगताकडून अंगारा आणला जाई, आणि आपण काहीतरी केले या समाधानाने घर तात्पुरते शांत होई. आपण देव्हारा विसर्जित केला, हे योग्यच केले. परंतु त्या जागी दुसरे काहीच आले नाही, तर पहिल्याच मोठ्या आघाताबरोबर घरात कुजबूज सुरू होते की, देव सोडले म्हणून हे भोग आले! आधीच दुःखाने वाकलेल्या सुनेला किंवा मुलाला हा आणखी एक घाव बसतो. तथागतांनी दोन बाणांचा दृष्टांत दिलेला आहे. आलेले दुःख हा पहिला बाण होय. त्या दुःखाबद्दल शोक आणि विलाप करीत राहून मनाला जी यातना आपण करून घेतो, तो दुसरा. पहिला बाण चुकविणे नेहमीच आपल्या हाती नसते. दुसरा स्वतःला किंवा आपल्या माणसाला न मारणे हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती असते.

दुःख होणे हा दुबळेपणा आहे काय? पूज्य बाबासाहेबांचे चरित्र याचे उत्तर देते. १९२६ साली त्यांचा लाडका पुत्र राजरत्न वारला. त्यापूर्वीही त्यांची अपत्ये दगावलेली होती. आपले स्नेही दत्तोबा पवार यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपला शोक लपविला नाही. जगण्यातली गोडीच गेल्याचे त्यांनी मोकळेपणाने कळविले. एवढा मोठा पुरुष आपल्या मित्राजवळ मन हलके करतो, तर आपण का संकोचावे? त्यानंतर वर्षही उलटले नाही तोच, २० मार्च १९२७ रोजी महाडचे चवदार तळे त्यांनी आपल्या लोकांसाठी मोकळे केले, आणि ३ एप्रिल रोजी 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला. पुत्रशोक विसरला गेला असे मी म्हणत नाही. शोक होता, आणि त्याच्यासह काम चालू होते.

आपल्या पुण्यातच सेनापती बापट मार्गावर सिंबायोसिस संस्थेचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालय आहे. माईसाहेबांनी दिलेल्या बाबासाहेबांच्या वस्तू तेथे जतन केलेल्या आहेत, आणि त्यांत एक व्हायोलिन आहे. मुलांना घेऊन जाल तेव्हा त्या व्हायोलिनपुढे घटकाभर अवश्य थांबा. आयुष्याच्या उत्तरार्धात बाबासाहेब हे वाद्य शिकू लागले. मधुमेहाने देह पोखरला होता, १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता, १९५२ च्या निवडणुकीत पराभव पदरी आला होता, आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे काम हाती होते. अशा काळातही मनाला विसावा देणारी विद्या त्यांनी वर्ज्य मानली नाही. ज्यांना क्षणाची उसंत नव्हती त्यांनी जर विसाव्याची गरज ओळखली, तर आपण ती नाकारण्याचे कारण नाही.

आता प्रत्यक्ष उपायांकडे वळू. यातील एकालाही पैसा लागत नाही.

पहिला उपाय दिनक्रमाचा. मन प्रसन्न झाले की कामाला लागेन, असे म्हणणारा माणूस वाट पाहतच राहतो. कारण क्रम बहुधा उलटा असतो. आधी हात हलतात, मागाहून मन हलते. मानसोपचाराचे आजचे शास्त्रही हेच सांगते. म्हणून झोप लागो न लागो, उठण्याची वेळ ठरलेली ठेवा. आंघोळ करा, दार उघडा, उजेडात या, आणि एखादे लहानसे काम पुरे करा. चार भांडी घासून पालथी घातली, तरी 'आज माझ्याकडून काही झाले' एवढी साक्ष मनाला मिळते.

दुसरा उपाय चालण्याचा. प्रौढ माणसाने आठवड्यात निदान १५० मिनिटे झपझप चालावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा अर्धा तास. पुणेकरांना पर्वती आहेच. पायऱ्या शंभरावर तीन. पर्वतीवरील मंदिरप्रवेशासाठी १९२९ साली आपल्या वडीलधाऱ्यांना सत्याग्रह करावा लागला होता. आपल्याला त्या देवळाशी कर्तव्य नाही. परंतु टेकडीवरचा वारा आणि सकाळचे ऊन यांवर कुणाचीही मालकी नाही.

तिसरा उपाय आमच्या व्यवसायातून घेतलेला आहे. न्यायालयात वादाचे मुद्दे आधी वेगळे काढतात. तद्वत एका कागदावर चिंता लिहून काढा. माझ्या हाती आहे ते डावीकडे, नाही ते उजवीकडे. डाव्या बाजूचे एकच काम आज करा: एक अर्ज, एक निरोप, एक भेट. डोक्यात घोंगावणारी चिंता अमर्याद वाटते. कागदावर उतरली की तिची लांबीरुंदी दिसू लागते. लिहिता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या नातवाला सांगा, तो लिहील.

चौथा उपाय माणसांचा. खचलेला माणूस प्रथम माणसे तोडतो. दर रविवारी विहारात या; बोलावेसे वाटले नाही तर नुसते बसा. आणि आपण जे सुखात आहात, त्यांनी शेजारचा माणूस चार रविवार दिसला नाही तर त्याचे दार ठोठवा. त्याला उपदेश करू नका. चहा घ्या आणि ऐका.

पाचवा उपाय एखाद्या कलेचा. व्हायोलिन नसेल, पण आपल्या वस्तीत ढोलकी आहे, पेटी आहे, वामनदादा कर्डकांची गाणी आहेत. घरात बसून रडणारा मनुष्य कोरसात उभा राहिला की त्याचा श्वासही बदलतो. गाता येत नसेल, तर डब्यात मिरचीचे रोप लावा.

याबरोबरच दोन गोष्टी टाळा. दारू दुःख बुडवीत नाही; ती झोप मोडते, उदासी वाढविते आणि घरातील पैसा नेते. पाचवे शील म्हणजे या बाबतीत उत्तम वैद्यकीय सल्लाच होय. दुसरे, रात्री अंथरुणात मोबाईल पाहत पडू नका.

हे सर्व उपाय उद्यापासून एकदम करू नका. सोण नावाचा भिक्खू अतिकष्टाने थकून निराश झाला, तेव्हा तथागतांनी त्याला त्याच्या पूर्वीच्या वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तर सूर लागत नाही, फार सैल सोडली तरीही लागत नाही. एक उपाय निवडा. तो अंगवळणी पडला की दुसरा घ्या.

येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. मजुरी थकविणारा मालक 'आनंदी राहा' म्हणू लागला तर त्याला मजुरीच मागा. अन्यायाचे निवारण हसण्याने होत नाही, आणि मनाची उभारी ही अन्याय मुकाट्याने सोसण्यासाठी नाही.

उदासी दोन आठवडे हटली नाही, झोप आणि भूक गेली, कशातच रस उरला नाही, किंवा जीव द्यावासा वाटू लागला, तर तो आजार समजावा आणि डॉक्टरांकडे जावे. जीव देण्याचा विचार मनात आला तर दोन आठवडेही थांबू नये. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ ने उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविलेला आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला, त्याच्याजवळ तसे कार्ड असो वा नसो, सरकारी मानसोपचार संस्थेत विनामूल्य उपचार मिळाले पाहिजेत. कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरले जाते. म्हणून पोलिसांच्या भीतीने अशा माणसाला घरात लपवून ठेवू नका. पुण्यात ससून रुग्णालय आहे, येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस' ही सरकारी सेवा सुरू असून, १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते. हा क्रमांक घरातील भिंतीवर लिहून ठेवा. आणि 'बाहेरचे लागले आहे' म्हणून माणसाला बांधणाऱ्या, मारणाऱ्या भगताविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, हेही ध्यानात असू द्या.

बंधुभगिनींनो, देव्हाऱ्याची जागा रिकामी ठेवू नका. तेथे बुद्धमूर्तीजवळ एक वही आणि पेन्सिल ठेवा. आज रात्री निजण्यापूर्वी घरातील प्रत्येकाने त्या वहीत उद्याचे एकच काम लिहावे, आणि उद्या संध्याकाळी वंदनेनंतर एकमेकांना विचारावे: झाले का? झाले नसेल तर रागावू नये. परवाच्या पानावर तेच पुन्हा लिहावे.

जयभीम! नमो बुद्धाय!