राजधानीचे नाणे आणि लोकांची मुद्रा

नाणे हे केवळ देवघेवीचे साधन नव्हे. राज्यसंस्थेचे ते सर्वांत लहान, परंतु सर्वांत दूरवर पोचणारे शासनपत्र होय. ज्याच्या हाती ग्रंथ पडत नाही, त्याच्याही हाती नाणे पडते. म्हणूनच नाण्यावर मुद्रा कोणाची, हा प्रश्न सार्वभौमत्वाचा मानला गेला. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा छत्रपती शिवाजी महाराजांनी स्वतःच्या नावाचे होन व शिवराई पाडली, त्यामागील आशय हाच होता.

२८ मे २०२३ रोजी नवी दिल्ली येथे नव्या संसद भवनाचे उद्‌घाटन झाले. त्या प्रसंगी भारत सरकारने ७५ रुपयांचे स्मारक नाणे काढले. ४४ मिलिमीटर व्यासाच्या आणि सुमारे ३५ ग्रॅम वजनाच्या या नाण्यात निम्मी चांदी, ४० टक्के तांबे आणि प्रत्येकी ५ टक्के निकेल व जस्त आहे. त्याच्या एका अंगास सारनाथचे सिंहशीर्ष असून दुसऱ्या अंगास संसद संकुलाचे चित्र आहे.

या चित्रामागे राजधानीचा इतिहास उभा आहे. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात सम्राट पंचम जॉर्ज यांनी राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस नेण्याची घोषणा केली. लुट्येन्स व बेकर या वास्तुविशारदांनी नव्या नगरीची आखणी केली. तेथील वर्तुळाकार भवनाचे १९२७ मध्ये, तर नगरीचे १९३१ मध्ये उद्‌घाटन झाले. साम्राज्याचे वैभव दाखविण्यासाठी ही नगरी उभारली गेली. पण पुढे अवघ्या सोळा वर्षांत ते साम्राज्यच येथून निघून गेले. ९ डिसेंबर १९४६ पासून त्याच भवनात संविधान सभा भरू लागली. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तेथेच संविधानाचा मसुदा मांडला. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांनीही तेथूनच सभागृहाचे कामकाज चालविले.

नाण्यांनीही हाच प्रवास केला. ब्रिटिश अमदानीत त्यांवर राजाचा मुखवटा असे. १९५० मध्ये प्रजासत्ताकाची नाणी निघाली आणि राजाच्या जागी सिंहशीर्ष आले. आता राजधानीच्या या स्मारक नाण्यावर लोकप्रतिनिधींचे सदन विराजमान झाले आहे. व्यक्तीकडून प्रजेकडे झालेले सत्तेचे संक्रमण यात दिसते.

हे नाणे संग्राहकांसाठी असल्याने ते बाजारात फिरत नाही. मात्र विविध प्रसंगी निघालेली दहा रुपयांची नाणी नित्य चलनात आहेत. चित्र अनोळखी दिसते म्हणून ती कित्येक ठिकाणी नाकारली जातात. दहा रुपयांच्या नाण्याचे सर्व चौदा नमुने वैध आहेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले होते. आठवडी बाजारात असे नाणे परत केले जाते, तेव्हा नुकसान होते ते दिवसभराची मजुरी त्या नाण्यांत घेऊन आलेल्या श्रमिकाचे.

शिक्षकांनी वर्गात नाणे वाचावयास शिकवावे, पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत त्याची वैधता समजावून सांगावी आणि शासकीय कार्यालयांनी ते निःशंकपणे स्वीकारावे. राजधानीतील सदनाची मुद्रा लोकांच्या नावाने उमटते. तिचा मान गावच्या बाजारातही राखला गेला पाहिजे.